आमच्या असाइनमेंट तपासून परत द्या

प्रति,
दूरशिक्षणातून वेब डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची अभ्यास मंडळं,
अभ्यासकेंद्रांचे संयोजक,
आणि असाइनमेंट तपासणारे सर व मॅडम

विषय : जमा केलेल्या असाइनमेंट शेरा लिहून परत मिळण्याबाबत

सादर नमस्कार.

मी करमाळ्यात झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात काम करते. वेब डिझाइनचा एक वर्षाचा डिप्लोमा मी दूरशिक्षणातून यंदा पूर्ण केला. निकाल लागला, पास झाले, गुणपत्रिका घरी आली. तेव्हा हे पत्र गुण वाढवून मागण्यासाठी नाही. मी कोणत्या संस्थेतून शिकले ते मुद्दाम लिहीत नाही. आमच्या दुकानात निरनिराळ्या संस्थांची मुलं-मुली असाइनमेंटचे गठ्ठे घेऊन येतात आणि सगळ्यांची कहाणी जवळपास एकच असते.

माझ्या दहा असाइनमेंट होत्या. दहाही अभ्यासकेंद्रात जमा आहेत. त्यातली एकही मला परत मिळाली नाही. कुठे चुकलं, कुठे बरं जमलं, हे सांगणारं एक वाक्यही वर्षभरात मला कुणी लिहून दिलं नाही. मिळाले ते फक्त आकडे, केंद्राच्या फलकावर लावलेल्या यादीत, माझ्या नावासमोर.

नेहमीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारच्या बाकावरची मैत्रीण असते. सरांनी वहीत डोकावून नुसतं 'हं' म्हटलं तरी तिला काहीतरी कळतं. आमच्याकडे पुस्तकं येतात, वर्षातून मोजके संपर्क वर्ग होतात, त्यातला एखादा रद्द होतो. बाकी वर्षभर शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची गाठ पडते ती असाइनमेंटच्या कागदावरच. तोच आमचा वर्ग. तो कागद गेला आणि परत आला नाही, म्हणजे आम्ही वर्गात बोललो आणि समोरून कुणीच काही बोललं नाही.

तालुक्याच्या गावांत टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासमुळे पिटमन हे नाव पुष्कळांना माहीत असतं. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. धडा टपालाने जायचा, विद्यार्थी सराव लिहून पाठवायचा, आणि तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यायचा. आजच्या दूरशिक्षणाची सुरुवात अशी झाली असं मानतात. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण १९६२ मध्ये सुरू केलं, तेव्हाही भरवसा टपालावरच होता. आज माझा फोन दिल्लीला क्षणात निरोप पोचवतो, आणि जिल्ह्याच्या गावी दिलेली असाइनमेंट वर्षभरात माझ्यापर्यंत परत येत नाही.

आता असाइनमेंट कशा करायच्या असतात ते सांगते. तुम्हाला ठाऊक आहेच, पण ते आमच्या बाजूने कसं दिसतं हे कदाचित कुणी सांगितलं नसेल.

हाताने लिहायचं असा नियम होता. फुलस्केप कागद, एकाच बाजूला मजकूर, डावीकडे समास, निळी शाई. प्रश्न वेब पेज तयार करण्याचा असला तरी उत्तर कागदावरच. कोड पेनाने उतरवायचा आणि त्याखाली 'आउटपुट' म्हणून पट्टीने ब्राउझरची चौकट आखून पान कसं दिसेल त्याचं पेन्सिलीने चित्र काढायचं. घरातली जेवणं आवरली, भांडी झाली, दुसऱ्या दिवशीचं पाणी भरून ठेवलं की साडेदहाच्या सुमारास मी बसायची. टोकदार कंस उघड, टॅगचं, म्हणजे पानाच्या त्या भागाच्या खुणेचं, नाव लिही, कंस बंद कर, मजकूर, पुन्हा कंस, तिरपी रेघ. एकेका असाइनमेंटला चार-पाच रात्री जायच्या. शाई फुटली की पान पुन्हा. सातव्या असाइनमेंटमध्ये नोंदणीचा फॉर्म लिहिताना लक्षात आलं की मी एक अख्खं पान लिहून काढलं आहे आणि त्यात काय आहे ते मला सांगता येणार नाही. हात चालत होता, बाकी सगळं झोपलं होतं.

हस्तलिखिताचा आग्रह कशासाठी, ते मला समजतं. टाइप केलेलं कॉपी-पेस्ट होतं, हाताने उतरवलेलं निदान एकदा नजरेखालून जातं. पहिल्या दोन असाइनमेंटना मला त्याचा उपयोगही झाला. एकात एक टॅग कसे बसतात, जो शेवटी उघडला तो आधी बंद होतो, हे वळण हाताला लागलं. तेवढ्यापुरता तो नियम चांगला आहे. पण दहाव्या असाइनमेंटलाही तोच नियम असेल, तर विद्यार्थी पान बनवायला कधी शिकणार?

आणि इथे वेब डिझाइनचा विषय इतर विषयांपेक्षा वेगळा आहे. सी किंवा जावा या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकणाऱ्याने चूक केली की कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर त्याला तिथेच अडवतो, कोणत्या ओळीत गडबड आहे तेही सांगतो. वेब पेज ज्या टॅगांनी लिहितात त्या एचटीएमएलचं तसं नाही. टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर आपल्या नियमाने तो बंद करून घेतो. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये एखाद्या गुणधर्माचं स्पेलिंग चुकलं तर तेवढी ओळ गुपचूप सोडून पुढे जातो. पान दिसतंच. नवख्याला वाटतं, जमलं. वेब जगभर पसरलं त्यात या सोशिकपणाचा मोठा वाटा आहे, पण शिकणाऱ्याचं त्याने नुकसान होतं, कारण चूक झाली हेच त्याला कळत नाही. ते सांगायला माणूस लागतो. जिथे यंत्र चूक दाखवत नाही, तिथे तपासणाऱ्याचा शेरा हाच विद्यार्थ्याचा आधार. म्हणून इतर कुठल्या विषयात एक वेळ चालेल, वेब डिझाइनमध्ये असाइनमेंट न तपासता ठेवून देणं चालणार नाही, असं मला कळकळीने वाटतं.

माझंच उदाहरण देते. अक्षर मोठं दिसावं म्हणून मी सर्रास हेडिंगचे टॅग वापरत होते. पत्ता मोठा हवा, लाव हेडिंग. सूचना उठून दिसायला हवी, लाव हेडिंग. पहिल्या असाइनमेंटपासून शेवटच्या असाइनमेंटपर्यंत. आमच्या दुकानात एक दृष्टिहीन गृहस्थ येतात, त्यांच्या फोनवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू असतं. कोर्स संपल्यावर एकदा मी माझं पान त्यांना उघडायला दिलं. हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारत ते पान ऐकतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या पानात त्यांना आधी फोन नंबर ऐकू आला, मग 'सुट्टीच्या दिवशी बंद', मग पुन्हा पत्ता. विषय कोणता ते शेवटपर्यंत लागेना. फोटोत काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर मी फोटोंना दिला नव्हता, तिथे फोन फाइलचं नाव वाचू लागला, इंग्रजी अक्षरं आणि लांबलचक आकडे. ते काही बोलले नाहीत, फोन परत दिला. मला मात्र फार वाईट वाटलं. 'हेडिंग आकारासाठी वापरू नये, रचनेसाठी वापरावं' एवढंच पहिल्या असाइनमेंटच्या समासात कुणी लिहिलं असतं, तर पुढच्या नऊ असाइनमेंटमध्ये मी ती चूक केली नसती.

तिसऱ्या असाइनमेंटची गोष्ट सांगायलाच हवी. प्रश्न होता : आवडीच्या विषयावर पाच पानांची वेबसाइट तयार करा. मी आमच्या करमाळ्यावर करायची ठरवली. कमलाभवानीचं देऊळ, तिथली ९६ पायऱ्यांची विहीर, आणि एसटी स्टँडवरून जेऊर, टेंभुर्णी, परांडा, सोलापूर अशा सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक. मालकांना विचारून दुकान बंद झाल्यावर तिथल्याच कॉम्प्युटरवर बसले. विहिरीचा फोटो फोनने काढलेला, पाच एमबीचा. तो तसाच चढवला तर देवळापाशी रेंज कमी असताना पान उघडेचना. मग फोटो लहान करायला शिकले. वेळापत्रकासाठी स्टँडवरच्या फलकावरून वेळा उतरवून आणल्या, आणि टेबलचा टॅग नक्की कशासाठी असतो ते त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आमच्या पुस्तकात टेबल वापरून पानाची मांडणी करायला शिकवलं होतं, डावीकडे मेनू, मधे मजकूर. टेबल माहितीसाठी असतं हे मला एसटीच्या वेळांनी शिकवलं. वर्षभरात मी सगळ्यात जास्त शिकले ते त्या दोन आठवड्यांत.

प्रिंट काढली, पेनड्राइव्ह घेतला आणि एसटीने सोलापूरला गेले. खिडकीवरचे दादा म्हणाले, "पेनड्राइव्ह घेत नाही, ताई. प्रिंटपण चालत नाही. हस्तलिखित आणा." ते वाईट वागले नाहीत, त्यांनी मला नियमाचा कागदही दाखवला. मी परत आले आणि पाचही पानांचा कोड पेनाने उतरवला, देवळाचं पेन्सिलीने चित्र काढलं. त्या असाइनमेंटला दहापैकी सहा गुण मिळाले. चार का गेले ते कळलं नाही, आणि सहा कशाचे मिळाले तेही कळलं नाही.

पाचवी असाइनमेंट मी आमच्याच दुकानात झेरॉक्सला आलेल्या जुन्या संचातून उतरवली. त्या महिन्यात सासूबाई आजारी होत्या आणि तारीख तोंडावर आली होती. कारण खरं आहे, पण उतरवली हेही खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते. तिला नऊ मिळाले.

यावरून मी एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. आमच्या दुकानात शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात सोडवलेल्या असाइनमेंटचे संच फिरतात. एक मुलगा मूळ प्रत आणतो, पंधरा जण झेरॉक्स नेतात, रात्रभर हाताने उतरवतात. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, म्हणून नियम पाळला जातो. या मुलांना आळशी म्हणू नका. त्यातले बरेच दिवसभर काम करतात, कुणी पेट्रोल पंपावर, कुणी केळीच्या पॅकिंगला. प्रश्न दर वर्षी तेच, उत्तर कुणी वाचत नाही अशी खात्री, आणि परत काही येणार नाही हे माहीत. अशा वेळी प्रामाणिकपणे वेळ घालवणाऱ्याला तुम्ही काय देता?

प्रश्न जुने असण्याबद्दलही लिहिते, थोडक्यात. माझ्या संचात फ्रेमसेट (एका पडद्याचे भाग करून प्रत्येकात वेगळं पान दाखवणारा टॅग) वापरून हॉटेलची साइट होती, मार्कीने सरकणारी पाटी होती, फाँट आणि सेंटर टॅगची उदाहरणं होती. एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालं तेव्हाच हे सगळे टॅग कालबाह्य ठरले. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःला जुळवून घ्यावं ही कल्पना ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली. पानाची मांडणी रांगा-रकान्यांत करण्याची सोय, सीएसएस ग्रिड, २०१७ पासून मुख्य ब्राउझरांमध्ये आहे. माझ्या असाइनमेंटमध्ये मात्र पान ८०० बाय ६०० च्या पडद्यासाठी करायला सांगितलं होतं. करमाळ्यात मी बनवलेलं पान ज्या कुणी पाहिलं, त्यांनी ते फोनवर पाहिलं.

आणि मराठी? दहा असाइनमेंटमध्ये मराठी मजकुराचं एकही पान नव्हतं. इकडे कोर्स चालू असतानाच मला पहिलं काम मिळालं ते मराठीतच. कंदरकडच्या एका केळी बागायतदारांना आपल्या रोपांची माहिती देणारं एक पान हवं होतं. मजकूर त्यांनी दुकानात पूर्वी छापलेल्या पत्रकाचा दिला, जुन्या डीटीपी फाँटमधला. मी तो उचलून पानात टाकला. माझ्या कॉम्प्युटरवर छान दिसला, त्यांच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. त्या जुन्या फाँटमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाँट नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, आणि गूगललाही तो मजकूर मराठी म्हणून सापडत नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असलेल्या पद्धतीत, पुन्हा टाइप करावं लागलं.

त्यानंतरच्या गोष्टीही अशाच ठेच लागून शिकले. इंग्रजी साइटवर पाहून मथळ्यातल्या अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर देवनागरीची शिरोरेषा तुटली आणि शब्दांचे तुकडे झाले. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडले. आणि एक गोष्ट कळली तेव्हा तर मला फारच आनंद झाला. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये एका शब्दाने सांगितलं, तर ज्या फाँटमध्ये सोय केलेली असते तिथे 'ल' आणि 'श' ही अक्षरं आपल्या मराठी वळणाची उमटतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. लहानपणी बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेला 'ल' मला पडद्यावर दिसला. महाराष्ट्रातल्या वेब डिझाइनच्या असाइनमेंटमध्ये हा प्रश्न का नसावा?

माझी विनंती अशी आहे. दहा असाइनमेंट नकोत, चार द्या. त्यातली एक हाताने लिहायला सांगा, सुरुवातीची. बाकीच्या चालणाऱ्या पानांच्या स्वरूपात घ्या. ज्यांच्याकडे इंटरनेट आहे ते लिंक पाठवतील, गिटहबसारख्या ठिकाणी साधी पानं फुकट ठेवता येतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडून पेनड्राइव्ह घ्या. ज्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही त्यांच्यासाठी अभ्यासकेंद्रातला कॉम्प्युटर रविवारी उघडा ठेवा, कारण फोनवर कोड लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत आणि बोटाएवढ्या पडद्यावर कंस शोधताना त्यांचे डोळे दुखतात. प्रश्न विद्यार्थ्याच्या गावाला धरून विचारा. आपल्या स्टँडचं वेळापत्रक, आपल्या बचतगटाच्या मालाची यादी, ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठीचा अर्ज. प्रत्येकाचा स्टँड वेगळा, प्रत्येकाच्या गाड्या वेगळ्या, त्यामुळे परांड्याच्या मुलाला करमाळ्याची उतरवून चालणार नाही. नक्कल थांबवण्यासाठी हस्ताक्षरापेक्षा हा उपाय मला जास्त खात्रीचा वाटतो.

आणि तपासल्यावर दोन-तीन ओळी लिहून परत द्या. पुढची असाइनमेंट देण्याच्या आधी, म्हणजे चूक पुढे जाणार नाही.

तपासणाऱ्या सर-मॅडमची अडचण मला दिसत नाही असं नाही. त्यांच्यापुढे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. एका विद्यार्थ्याच्या दहा असाइनमेंट वीस-वीस पानांच्या धरल्या तर दोनशे पानं होतात, आणि असे विद्यार्थी शंभर असतील तर वीस हजार. इतकी पानं वाचून कुणीही शेरे लिहू शकणार नाही, हे मान्य. पण इतकी पानं मागितली कुणी? चार असाइनमेंट, त्यातल्या तीन ब्राउझरमध्ये उघडून पाहायच्या, आणि प्रत्येकीखाली तीन ओळी. टॅग बंद आहेत की नाहीत असल्या चुका शोधायला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा व्हॅलिडेटर हा तपासणारा प्रोग्राम फुकट आहे, तो विद्यार्थ्यालाच आधी चालवायला लावा. सर-मॅडमनी ते पाहावं जे यंत्राला दिसत नाही.

यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत दूरशिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सातत्यपूर्ण मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला किमान ७० टक्के वजन ठरवलेलं आहे. डिप्लोमांमध्येही वाटणी साधारण अशीच दिसते. त्यामुळे असाइनमेंट म्हणजे वरचे किरकोळ गुण, असं मानण्याची सवय पडली असावी. पण मला आज जे काम येतं त्यातलं काहीही मी परीक्षेच्या तीन तासांत शिकले नाही.

माझा कोर्स संपला आहे. ही सोय झाली तरी मला तिचा फायदा नाही. पुढच्या वर्षी माझी नणंद याच कोर्सला नाव घालणार आहे, तिने माझ्याकडून पुस्तकं नेली आहेत.

तिसरी असाइनमेंट या पत्रासोबत पुन्हा जोडते आहे, पेनड्राइव्हमध्ये, पाचही पानं. हेडिंग आणि फोटोंचा पर्यायी मजकूर मी दुरुस्त केला आहे. एक अडचण राहिली आहे. एसटीचं वेळापत्रक पाच रकान्यांचं आहे, ते फोनच्या रुंदीत मावत नाही, म्हणून तेवढंच टेबल आडवं सरकावं अशी व्यवस्था केली. पहिल्या पानावर ती चालते. चौथ्या पानावर टेबल ग्रिडच्या आत आहे, तिथे मात्र टेबलाऐवजी सगळं पानच सरकतं आणि वरचा मेनू पडद्याबाहेर जातो. मी खूप प्रयत्न केले. चौथं पान कृपया उघडून पाहावं, कारण काय ते समासात लिहावं, आणि असाइनमेंट मला परत पाठवावी.

कळावे,
आपली एक विद्यार्थिनी
करमाळा, जि. सोलापूर